विभाची प्रॅक्टिकल वही

२५ नोव्हेंबर १९९०, रियाध
विभा आमच्या ध्रुवला घेऊन सांगलीला गेली, त्याला आठवडा झाला. युद्ध होणार नाही हे मी तिला सप्रमाण सांगितलं होतं, पण बायकोला धीर कुठला. सौदीतून बाहेर पडायच्या व्हिसाचा फॉर्म तिनेच भरला, मी न वाचता सही ठोकली. संसारात विश्वास लागतो. बँकेत पासपोर्टची कामं बघणारा यासीन दोनदा म्हणाला, साहेब, नक्की ना? हा उगाच काळजी करतो.

विभाचा पोस्टाने चाललेला गृहविज्ञानाचा कोर्स अर्धवट राहिलाय. प्रॅक्टिकल वही जानेवारीअखेर मुंबईच्या कॉलेजात पोचायला हवी. मी पुरी करणार, तिच्या नावाने. बँकेच्या ओलाया भागातल्या ब्रँचमध्ये तीस माणसं सांभाळतो. एक स्वयंपाकघर ते काय! ती परत आली की सरप्राइझ.

२ डिसेंबर
प्रॅक्टिकल एक: घरातल्या प्रत्येकाचा वेळ-तक्ता. विभाने आधीच भरलाय. तिचा रकाना पहाटे साडेपाचला सुरू होतो, जागा पुरली नाही म्हणून मागच्या पानावर गेलाय. माझ्या रकान्यात एकच शब्द: सूचना.
गृहविज्ञानात यालाच मॅनेजमेंट म्हणत असणार.

१४ डिसेंबर
प्रॅक्टिकल दोन: पोळी-भाजी. कणिक सैल झाली, पीठ घातलं. घट्ट झाली, पाणी घातलं. आता पंधरा माणसांची कणिक आहे. भाजी बिनफोडणीची, कारण मिसळणाचा डबा विभाने नेलाय. दोन-तीन महिन्यांसाठी कुणी मिसळणाचा डबा नेतं? वेंधळी आहे.

५ जानेवारी १९९१
फोन लागला. ध्रुवला तिकडच्या शाळेत घातलं म्हणाली. तात्पुरतं असणार. पुढचं ऐकलं नाही, लाइन खराब होती. आवाज मात्र स्पष्ट येत होता.

हल्ली स्वयंपाकघरात सपाता वाजतात. डबे सरकवल्याचाही आवाज येतो. उठून बघतो तर कुणी नाही. फ्रिज जुना झालाय, दुसरं काय.

२१ जानेवारी
युद्ध सुरू झालं. अपवाद म्हणून.
संध्याकाळी भोंगा. विषारी वायू आत येऊ नये म्हणून बेडरूमच्या खिडक्यांना टेप, दाराच्या फटीत ओला टॉवेल, आत मी आणि वही. लांब कुठेतरी दणका झाला, काचा थरथरल्या. तेवढ्यात सपाता दारापाशी येऊन थांबल्या. मी चक्क म्हणालो, विभा, आत ये.
मी दार उघडलं नाही. मला भीती वाटली. क्षेपणास्त्राची नव्हे. उघडलं आणि बाहेर कुणीच नसलं तर, याची.

१ फेब्रुवारी
कॉलेजची तारीख गेली. अशा दिवसांत पोस्टाचा काय भरवसा. माझा दोष नाही. जेवायला दोन ताटं मांडतो. मेनू प्लॅनिंग एका माणसाचं नसतं.

२ मार्च
युद्ध खलास. विभाच्या रि-एंट्रीची, म्हणजे परत यायच्या परवानगीची, मुदत वाढवायला सकाळीच यासीनला गाठलं. तो म्हणाला, साहेब, कसली रि-एंट्री? वहिनींनी फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचं जाण्यावर, खूण केलेली, खाली तुमची सही. म्हणून तर दोनदा विचारलं. कागद काढून दाखवला. सही माझीच, चांगली झोकदार.

२ मार्च, संध्याकाळ
वेळ-तक्त्यात माझ्या रकान्यात ‘सूचना’च्या पुढे ‘सही’ लिहिलं. रकाना अजून बराच रिकामा आहे.
एक ताट उचलून ठेवलं. स्वयंपाकघरात आज काहीच वाजलं नाही. फ्रिज चालू आहे, बघून आलो.