जास्तीचे अडीच मिलिमीटर

४ जानेवारी
आक्काच्या लाकडी पुतळ्याचा चेहरा झाला. शिवणीच्या लाकडाचे दोन ठोकळे वाया गेले, तिसऱ्यात ओठ सापडले. रागवायच्या बेतात आणि हसू दाबलेलं. थोरली बहीण म्हणून रागवायचा हक्क तिचाच, आणि रागवताना हेच ओठ. आज स्वतःवर खूश. बायकोकडे दोनदा चहा मागितला, तिने दोन्हीदा दिला.

७ जाने.
धडावर डोकं बसवून पाहिलं. मान अडीच मि.मी. जास्त जाड. चेहराही सगळीकडून थोडा मोठाच. तासभर उलगडा होईना. मग पट्टीकडे लक्ष गेलं आणि कपाळावर हात मारला. धड साध्या टेपने मापलं, डोकं फाउंड्रीतल्या जुन्या पट्टीने! ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून त्या पट्टीवरचा सेंटिमीटरच मोठा. भोसरीत तीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न केले, हाताची खोड जाईना. आक्काला काय ओतायचं होतं का!

८ जाने.
बायको म्हणते, "कोणाला दिसणारे? राहू द्या."
मला दिसतंय ना. चेहरा सगळीकडून दीड मि.मी. तासायचा तर ओठ जाणार. परत सापडतील? बासष्ट वय, भरवसा नाही. पटाश्यांना धार लावली. हात धजावला नाही.

११ जाने., रवि.
आक्का महाळुंग्याहून आली. भाचा ओव्हरटाइमला जाता जाता माझ्या कामाच्या शेडवर सोडून गेला. माझी चूक सांगितली, तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पदराला हात पुसून दोन्ही तळवे लाकडी गालांवर ठेवले. बराच वेळ.
"ही मी न्हाई रं. आई हाय ही. तिचं तोंड असंच रुंद व्हतं."
आई गेली तेव्हा मी दहा महिन्यांचा. फोटो एकही नाही. रडू आवरेना, या वयात.
"मग तासू का नको?"
"तुजं तू बघ. मला च्या दे."

१२ जाने.
आक्का पहिल्यापासून माझ्या चुका पोटात घालत आलीय. मी फोडलेल्या घागरीचा मारही तिनेच खाल्ला होता. कालचंही तसलंच, की खरं? विचारायला फोन उचलला, ठेवून दिला. पटाश्या बाकावर तशाच.
सकाळी शेडमध्ये जाताना चपला बाहेर काढल्या. एरवी काढत नाही.