तेलबंबाची हमी

५ नोव्हेंबर १९७३, सोमवार. सातारा
तेलबंब आज पुन्हा विझला. पाणी जेमतेम कोमट झालं, आतून 'टक्' असा आवाज आला आणि ज्योत गेली. पंप मारला, काडी लावली, पुन्हा पेटला, पुन्हा टक्. शेवटी सौ.ने चूल पेटवली. मग धूर, मग खोकला. खिडकीशी धरून बसवलं तेव्हा कुठे श्वास जागेवर आला.

वस्तुतः हा बंब आणला तोच धूर बंद व्हावा म्हणून. डॉक्टर म्हणाले, दमेकरी बाईला चुलीपुढे बसवू नका. दसऱ्याला सांगलीहून घेऊन आलो. रॉकेलवर चालतो, पाणी तापलं की ज्योत आपोआप बारीक होते. ते काम करणारी पितळी डबी बाजूला आहे. तिच्यावर तार ओवून शिशाचं सील ठोकलेलं.

दोष डबीतच आहे. बाकी सगळं पाहिलं. नोझल साफ, टाकी साफ, वॉशर नवा. डबी उघडली की तासाभरात निकाल लागेल. पण उघडायची नाही.

८ नोव्हेंबर, गुरुवार
कंपनीचा मेकॅनिक आला. सदाशिव नावाचा, मिरजेकडचा, बरा आहे बिचारा. सील तोडलं, डबीत फुंकर मारली, दोन थेंब तेल, नवीन सील. पेटवला. पाणी कढत. सौ.ने त्याला पोहे दिले. ही त्याची तिसरी खेप.

मी वाकून बघायला गेलो तर पाठ आडवी धरतो. म्हटलं, "अरे, विहिरीच्या मोटारी गुंडाळण्यात वीस वर्षं गेली माझी, मला बघू तरी दे." तर म्हणतो, "मालकांचा हुकूम हाय नाना. तुमच्याच बंबाला तर जास्त."

जास्त का, ते मला ठाऊक आहे. छापील हमीपत्रात मजकूर ढिला होता. 'सर्वसाधारण दोष' म्हणजे काय, कोण ठरवणार? मी सांगलीच्या दुकानातच बसून स्वतःच्या अक्षरात कलम घातलं: वर्षभर कंपनीच्या माणसाखेरीज कोणीही, खुद्द गिऱ्हाइकानेही, डबी उघडू नये, सील शाबूत असेल तोवर सर्व जबाबदारी कंपनीची. म्हटलं, आता कुठे पळतील? मालकाने हसत सही केली. का हसला ते आता कळतंय.

९ नोव्हेंबर
विझला. पोहे फुकट.

१४ नोव्हेंबर, बुधवार
लेकीचं, शोभाचं पत्र. सातवा सरत आला. जावई सीमेवर, रजा नाही. सासूबाई स्वतः आणून सोडणार, पण आधी घरची व्यवस्था बघणार. 'नाना, मला तिथंच यायचं आहे,' एवढं एकच वाक्य खाली रेघ ओढून.

मागच्या खेपेला सासरी, म्हसवडला, पाचव्या महिन्यात गेलं. आडवेळेला गाडी मिळाली नाही. पोरीने त्यावर कधी एक अक्षर लिहिलं नाही. इथे सिव्हिल हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. तिला इथेच आणायची हे आमचं दोघांचं पक्कं आहे.

पण बाळंतपण म्हणजे नुसता दवाखाना नव्हे. पुढे सव्वा महिना आई-बाळाची रोजची कढत पाण्याची अंघोळ, शेक, धुणी. सौ.ने ते चुलीवर केलं तर घरात दोन आजारी. म्हणून तर मी विहीणबाईंना मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं: आमच्याकडे बिनधुराचा बंब आहे, गरम पाणी केव्हाही. कशाला लिहिलं!

१६ नोव्हेंबर
स्टोव्हवर हंडा ठेवून पाहिला. पाणी तापेपर्यंत आठवड्याच्या रॉकेलचा फडशा. उतरवताना हंडा कलंडला, माझ्या पायाशी. थोडक्यात बचावलो. हे सौ.ने करायचं? नाही.

जुना तांब्याचा बंब असता तर त्याचा धूर निदान अंगणात सोडता आला असता. तो मी तांबटाला मोडीत घातला. सौ. म्हणत होती, राहू दे कोपऱ्यात. मी म्हटलं, नवीन घेतलं की जुनं ठेवायचं नाही, नाही तर नव्यावर विश्वास काय राहिला? आता ती नुसती मोरीतल्या त्या रिकाम्या जागेकडे बघते.

१७ नोव्हेंबर
दुकानात मेढ्याचे तुकाराम आले, विहिरीवरची मोटार घेऊन. बोलता बोलता बंबाचं निघालं. (कोण सांगतं लोकांना? समोरचे बापू, दुसरं कोण.)

"आवं नाना, तुमी हात लावला की पंप उठून बसतोय. मग ह्येला का न्हाई लावत?"
म्हटलं, "हमी जाते."
"हमीनं पानी तापतंय व्हय?"

मोटार गुंडाळून दिली. चालली.

संध्याकाळी बापू ओट्यावरून ओरडले, "काय नाना, गावाच्या मोटारी फिरवता, घरचा बंब रुसलाय जणू! एखादा खण-नारळ करा त्याला!" हसलो. हसावं लागतं.

१९ नोव्हेंबर, सोमवार
स्वतःच सांगलीला. आख्खा बंब पोत्यात गुंडाळून एस.टी.च्या टपावर. कऱ्हाडला उतरून दोरी पाहिली, इस्लामपूरला पुन्हा पाहिली. कंडक्टर म्हणाला, "काका, आत पोरगं हाय का काय?"

कारखाना माधवनगरच्या बाजूला, गिरणीच्या भिंतीलगत, एक पत्र्याची शेड. मालकांनी चहा दिला, खुर्ची दिली. बंब पेटवला. एकदाही विझला नाही. पाणी कढत, ज्योत बारीक, पाणी काढलं की ज्योत मोठी. अगदी पत्रकात लिहिल्याप्रमाणे. मी समोर स्टुलावर बसून. तिसऱ्या प्रहरापर्यंत बसलो.

मालक म्हणाले, "नाना, बंबात दोष नाही. तुमच्याकडे कुणी हात लावतं का?"
मी सील दाखवलं. त्यांनी भिंग लावून सील बघितलं! माझ्यासमोर! कलम माझं, सील माझं, भांडायचं कुणाशी?

निघताना सदाशिव फाटकापर्यंत आला. हळूच म्हणाला, "तोडा वो ते सील. तुमी माझ्यापेक्षा चांगलं कराल." मी म्हटलं, "आणि मग बिघडलं तर?" तो म्हणाला, "मग काय, तुमचंच."

२० नोव्हेंबर
घरी लावला. टक्.

रॉकेल बदललं, पाणी बदललं, बंब भिंतीपासून पुढे ओढला, वारा आडवा म्हणून पत्रा लावला. टक्. सांगलीला चालतो, साताऱ्यात नाही. थंडीने? उंचीने? कंपनीला कळवलं तर म्हणणार, हवामानाची जबाबदारी कलमात नाही.

नाहीच आहे. मीच घातली नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार
काही नाही. मोरीत गेलो, परत आलो. दुकानातही लक्ष नाही, एका मोटारीच्या आर्मेचरला तारेचा उलटा वेढा दिला. वीस वर्षांत पहिल्यांदा. पुन्हा उसवला.

सौ. रात्री एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही ती डबी का उघडत नाही ते मला माहीत आहे. हमीसाठी नाही." आणि कूस बदलली. मी विचारलंही नाही.

२९ नोव्हेंबर, गुरुवार
शोभा आणि विहीणबाई आल्या. पोरीचा चेहरा भरलाय, पाय सुजलेत. नमस्काराला वाकत होती, वाकू दिलं नाही.

विहीणबाई उभ्या अंगाच्या, स्पष्ट. आल्या त्या आधी मोरीत. "ह्यो व्हय तुमचा बंब?" मी पेटवला. देवाचं नाव घेतलं, एरवी घेत नाही. पाणी कोमट. टक्.

सौ. लगबगीने चुलीकडे, मी नको म्हणेपर्यंत काटक्या पेटल्या सुद्धा. ओली लाकडं. मग जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांना बोलवावं लागलं. इंजेक्शन दिल्यावर शांत.

विहीणबाईंनी स्वतः पदर खोचला, चूल विझवली, सौ.ची पाठ चोळली. बाई वाईट नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "दादा, राग मानू नगासा. डाक्टर एका दिवसाचा. न्हाणं-शेकणं सव्वा म्हैन्याचं. हितं दोघींनी आजारी पडायचं का? मी पोरीला परत न्हेती."

शोभा दाराशी उभी. माझ्याकडे बघत होती, आईकडे नाही.

मी म्हटलं, "दोन दिवस द्या."
"ऐतवारी सांजच्या गाडीनं जाऊ मग. तवर बघा."

१ डिसेंबर, शनिवार
सील तोडलं. दुपारी, दुकान बंद ठेवून. पक्कड लावली, शिसं लोण्यासारखं दबलं. एवढंसं होतं.

डबी वर्तमानपत्रावर सोडवली. दोन धातूंची पट्टी. तापली की वाकते आणि झडप ओढून घेते, माझा अंदाज बरोबर. स्प्रिंग. झडप. दट्ट्या. एक स्क्रू, वरून डोकं चपटं केलेला.

आणि दोष नाही.

पट्टी सरळ. स्प्रिंगमध्ये जीव आहे. झडपेवर ओरखडा नाही. गरम पाण्यात पट्टी बुडवली, वाकते तेवढीच वाकते. भिंगाखाली धरली. यंत्रांचं माझं जुनं इंग्रजी पुस्तक काढलं, कोश शेजारी घेऊन पुन्हा वाचलं. सगळं बरोबर आहे. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्या आणि दोषाच्या मधे फक्त ते शिसं आहे. उघडूनही कळलं नाही तर, ही माझी भीती सौ.ने आधीच ओळखली होती.

सौ. उंबऱ्यात येऊन बसली. म्हटलं, "मला कळत नाही."
ती म्हणाली, "कळत नाही तर कळत नाही. चहा घ्या."

पुसून, जसं होतं तसं जोडलं. काहीही बदललं नाही. पेटवला.

चालला.

पाणी कढत, ज्योत बारीक. पाणी काढलं, ज्योत मोठी. सौ. हसली. विहीणबाईंनी बोट घालून पाहिलं आणि चटकन बाहेर काढलं. शोभाने टाळी वाजवली, लहानपणी वाजवायची तशी. बापू ओट्यावरून, "फुटला का नारळ?"

मला मात्र जेवण गेलं नाही.

२ डिसेंबर, रविवार
सकाळी चालला. शोभाची अंघोळ झाली, केसांवरून पाणी घेऊन. मी मोरीच्या बाहेर, पाइपावर हात ठेवून उभा. आत ती गुणगुणत होती, आणि मी टक् होण्याची वाट बघत होतो.

दुपारी पुन्हा पेटवला. चालला. जेवणानंतर मुद्दाम ओला फडका लावून पाहिला, दार सताड उघडं ठेवून थंड वारा घेतला. चालला. का चालतो ते माहीत नाही. म्हणजे का थांबेल तेही माहीत नाही. काय बिघडलं होतं ते कळल्याशिवाय मी आजवर एकही मोटार दुकानाबाहेर जाऊ दिलेली नाही. लोक चिडतात, गाडी चुकते म्हणतात, तरी नाही.

आता चारचा सुमार. विहीणबाईंची पिशवी भरून दाराशी आहे. त्या ओसरीवर बसल्यात. मगाशी विचारलं, सरळच:

"दादा, बंब चालतोय ते मी बघितलं. पर टिकंल का? सव्वा म्हैना? तुमी ह्यातलं जाणकार हायसा. तुमी व्हय म्हना, मी पोरीला ठेवून जाती. पुन्हा इचारनार न्हाई."

बाई माझ्या शब्दावर जाणार आहेत. कागद मागत नाहीत.

म्हटलं, "आलोच," आणि खोलीत येऊन हे लिहितो आहे. नाही म्हटलं तर पोर पुन्हा त्या गावी, दवाखान्यापासून लांब. हो म्हटलं तर भर पौषात एखाद्या सकाळी टक्, आणि सौ. चुलीपुढे. मी स्वतः उठून पाणी तापवीन, आणीन, ओतीन, हे सगळं मनात म्हणून झालं. पण त्यांनी ते विचारलेलं नाही. त्यांनी बंबाचं विचारलंय.

शोभा आत येऊन गेली. टेबलाला धरून उभी राहिली. वाचलं नाही. "नाना, हो म्हणा ना," एवढंच. मग ओसरीवर जाऊन सासूशेजारी बसली.

मोरीत बंब चालू ठेवलाय. इथून आवाज येतो. अजून तरी येतो.

हाक मारतायत.