सुनेचा भात आन् नवसाचं बोकड

८ जाने., गुरु.
संदीप सुनेला घेऊन पेडगावला आला. नोकरी स्पेनमध्ये, लग्नही तिकडंच. लुसिया नाव तिचं. शेळीच्या दुधाचा चहा दिला, कप तसाच. संदीप म्हणला, "आई, ती दूध, तूप, अंडी, मटण काहीच खात न्हाई."
आपलं घरच शेळ्यामेंढ्यांवर. मग वाढू काय? पाय लय दुखायलेत.

९ जाने.
संदीपच्या लग्नासाठी त्याच्या वडलांनी देवाला बोकड बोललेलं. रविवारी कापायचं, भावकीला सांगून झालं.
दुपारी धार काढताना सून जवळ आली. संदीपला मधी घेऊन इचारलं, "पिलाचं दूध आपण का घ्यायचं?" म्हणलं, एक सड पिलाचा, एक आपला. आजवर मोडलं न्हाई. तिनं मान हलवली. पटलं का काय माहीत. मलाच कसंतरी...

१० जाने.
तिकडचं बटाट्याचं आमलेट केलं तिनं. अंड्याऐवजी बेसन. धिरडंच की! मला आवडलं. हे ताटावरून उठले. "पावण्यांना हेच वाढायचं का?" बापलेकाचं वाजलं. मधी मी.

११ जाने., रवि.
ह्यांनी सुरा काढला. सून बोकडापाशी जाऊन बसली. रडली न्हाई, ओरडली न्हाई. सगळ्यांचा सैपाक मी करते, असं संदीपकडून सांगितलं. हे माझ्याकडं बघायले. तोंडून निघून गेलं, "आज ऱ्हाऊ द्या."
पसरट कढईत तिच्या गावचा भात. तिकडं त्यात कोंबडी, ससा टाकतेत म्हणे. हिनं वाल, ओली तूर, टमाटे. बुडाला लागायलाय म्हणून मी उलथनं घेतलं तर तिनं हात धरला. खरवडच चांगली म्हणे.
थोरल्या जाऊबाई, "मीठमिरची इसरली जणू." तरी दोनदा घेतला. चुलतसासरे उपाशी गेले. "देवाला फसवलं तुमी."
भांडी मी एकटीनं घासली.

१३ जाने., मंगळ.
दोघं गेले. स्टेशनवर तिनं मिठी मारली. "आई, बोकड?" एवढंच, मराठीत. मी गाडीकडं बघितलं.
घरी आले तर हे दारातच. "नवस माझा हाय. येत्या रविवारी फेडू?"
न्हाई म्हणावं आन् संदीपला तिकडं काही झालं तर? हो म्हणावं आन् तिनं फोनवर इचारलं तर?
भाकरी टाकायच्यात म्हणून उठले. हे अजून तिथंच उभे हायेत.