तळघरातले सात सांधे

शेबॉयगन,
२१ जानेवारी १९७९

प्रिय लॅम्बर्ट भाऊजींस,
ॲडेलिनचा स. न. वि. वि.

धुरावलेला मासा पोचला. टाकोम्याहून इथवर येऊनही ताजा होता. तुमच्या दादांनी दोनदा मागून घेतला, म्हणजे बशी पुढे केली. अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलणं अजून हो-नाहीच्या पुढे सरकत नाही. काठी टेकत जिना उतरतात, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहतो. डॉक्टर म्हणतात, शब्द आत आहेत, बाहेर काढावेसे वाटले पाहिजेत. हे मात्र दिवसभर खिडकीशी बसून गोठलेल्या तळ्याकडे बघतात.

काल शेजारचा स्टॅन्ली विचारत होता, तळघरातली यांची छोटी आगगाडी विकायची का. मी यांना विचारलं, तर लगेच ‘हो’ म्हणाले. भाऊजी, असा ‘हो’ मला नको होता. स्टॅन्लीला मी थांबवून ठेवलंय. आजारी पडण्याआधी यांचे नवे रूळ सगळे टाकून झालेत, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सातही सांधे मात्र राहिलेत. ते मी बसवणार आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा अगदी पहिल्यापासून शिकवा.

माझ्या जावेला, मार्थाला, आठवण सांगा. लोभ आहेच, तो असाच असू द्या.

तुमची वहिनी,
ॲडेलिन

---

टाकोमा,
२ फेब्रुवारी १९७९

ती. सौ. वहिनींस,
लॅम्बर्टचा सा. न. वि. वि.

तीस वर्षं ज्या तळघराला तुम्ही उंदराचं बीळ म्हणालात, तिथे आता तुम्हीच सरपटणार! मार्थाला हसू आवरेना, मग डोळेही पुसत बसली.

आता नीट वाचा. दुकानात चार नंबरचा सांधा मागितलात तर जागा वाचते, पण वळण तीव्र असतं. मालगाडीच्या आखूड डब्यांना तो चालतो, तेव्हा यार्डात तोच घ्या. मुख्य मार्गावर दादाचे लांब प्रवासी डबे धावणार, तिथे सहा नंबरच हवा, नाहीतर डबे घसरतील आणि दादा तुमच्याकडे असं बघेल की पुन्हा तळघरात पाऊल टाकणार नाही. विकत घेण्याआधी सांध्याच्या पात्यांवरून नख फिरवून बघा. अडलं तर चाकही अडणार. सांधे हलवायला विजेची बटणं लावा, एका बोटाचं काम आहे.

स्टॅन्लीला थांबवलंत, याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात. तब्येत सांभाळा.

आपला,
लॅम्बर्ट

---

शेबॉयगन,
१८ मार्च १९७९

प्रिय भाऊजींस, स. न. वि. वि.

पहिला सांधा बसला! तारांना डाख देताना अंगठा भाजला, त्याचं काही नाही. रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला तुम्ही मंडळी बेडूक का म्हणता, ते मात्र मला शेवटपर्यंत कळायचं नाही.

बटण लावलं, यांना हाताला धरून खाली आणलं. यांनी बटण दाबलं, सांधा खट्‌कन फिरला. पुन्हा दाबलं, पुन्हा फिरला. मग जिन्याकडे वळले. लिफ्ट बोलवावी तसं झालं हो.

व्यायाम शिकवणारी बाई म्हणते, हाताला धरायला काहीतरी द्या. म्हणून रागावू नका, पण तुमची बटणं मी काढून टाकली. टेबलाखालून सळया नेऊन काठावर लाकडी मुठी बसवतेय. मूठ ओढली की सांधा फिरेल. चार मुठी डावीकडे, तीन उजवीकडे. आता त्या बेडकापर्यंत वीज कशी पोचवायची तेवढं कळवा.

तुमची हट्टी वहिनी,
ॲडेलिन

---

टाकोमा,
२९ मार्च १९७९

ती. सौ. वहिनींस, सा. न. वि. वि.

रागावतो कसला! हे मला सुचायला हवं होतं. विजेचे सात सरकते खटके पाठवतोय. सळई खटक्यातून जाऊ द्या, म्हणजे सांधा फिरेल तशी त्या बेडकातली वीजही बदलेल. तारा तेवढ्या बघून जोडा. उलट्या लागल्या तर इंजिन बेडकावर चढताक्षणी सगळं ठप्प होईल.

आपला,
लॅम्बर्ट

---

शेबॉयगन,
६ मे १९७९

प्रिय भाऊजींस, स. न. वि. वि.

काय लिहू आणि किती लिहू असं झालंय. काल दुपारी सातवा सांधा बसला. यांना खुर्चीत बसवून मी गाडी सोडली. सहा सांधे पार झाले आणि सातव्यावर इंजिन मेल्यासारखं थांबलं. मी ढकललं, फुंकलं, हलवलं. शेवटी वैतागून म्हटलं, जाऊ दे, घेऊन जाऊ दे स्टॅन्लीला सगळं.

तेव्हा मागून आवाज आला. “तारा उलट्या लावल्यास, ॲडेलिन.”

अख्खं वाक्य, भाऊजी. माझ्या नावासकट. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. हे मात्र काठीने टेबलाखालची जागा दाखवत राहिले. मी शिरले खाली, तारा बदलल्या. गाडी गेली. मग संध्याकाळपर्यंत हे डावीकडच्या मुठी ओढत होते आणि मला म्हणत होते, “सावकाश. आता थांब. सोड.” उजवीकडच्या मुठींना हात लागला नाही. लागेल तेव्हा लागेल.

स्टॅन्लीला शुक्रवारी बोलावलंय, गाडी चालवायला. तुमचे उपकार मानू की तुम्हाला तळ्यातले मासे तळून घालू? या उन्हाळ्यात दोघं याच.

तुमची,
ॲडेलिन

---

शेबॉयगन,
२० मे

चि. लॅम्बर्टास,
राइनहोल्डचे अ. उ. आ.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

तिने सगळं कळवलंच असेल. एक कळवलं नसेल, कारण तिला ठाऊक नाही. आजारी पडल्यापासून घरात सगळे माझ्याशी हळू बोलायचे. त्या दिवशी तारा बदलताना ती टेबलाखालून माझ्यावर ओरडली, की नुसते हुकूम सोडू नका, बॅटरी नीट धरा, मला काही दिसत नाही. फार बरं वाटलं.

बॅटरी हलत होती खरी. डाव्या हाताने मी टेबल धरलं होतं. बॅटरी उजव्या हातात होती.

तिला आज जेवताना सांगेन. आधी तुला सांगितलं.

तुझा दादा