तोंड मिटलेले चौदा फोटो

२ फेब्रुवारी, रविवार
जे केलं ते कुणाला सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते.

काल केळझरच्या गणपतीपुढे माझी धाकटी बहीण सुधा गायली. शेवटचं. मंगळवारी ऑपरेशन — स्वरयंत्रच काढणार. मंडपात शिरताना म्हणाली, "ताई, या वेळी तोंड उघडं असतानाचा फोटो काढजो. गाताना माहं तोंड कसं होते, मले पाहू दे एकदा!"

तीस वर्षं तिचे फोटो मीच काढते. तान घेताना तिचा जबडा वाकडा होतो, डोळे फिरतात. बाईमाणसाला शोभत नाही, असं मीच ठरवलेलं. पूर्वी निगेटिव्ह कापायची, आता डिलीट.

काल तसे वीसेक काढले. जिवंत आले होते! घरी येऊन चहा ठेवला आणि सवयीनं निवडायला बसले. वाकडं — डिलीट. वाकडं — डिलीट. चौदा नीटनेटके उरले, ते संगणकावर घेतले, कार्ड फॉरमॅट केलं. चहा उतू गेला, तेव्हा सुधाचं मागणं आठवलं.

लोकांचे मोबाइल? ते मीच पिशवीत ठेवायला लावले होते. "मैफल आहे, जत्रा नाही!"

३ फेब्रुवारी
पुसलेले फोटो परत मिळतात का पाहायला स्टुडिओवाला मुकेश कार्ड घेऊन बसला. "मॅडम, दोन घंटे झाले. याच्यात काईच नाई राह्यलं."

सुधा कालच नागपूरला भरती झाली. संध्याकाळी तिचा फोन. "आला का माहा फोटो?"

"आला."

आयुष्यभर पोरींना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं मी.

४ फेब्रुवारी
सहा तास लागले. आता आवाज नाही.

१६ फेब्रुवारी
सुधा सिंदी मेघेला घरी आली. गळ्याला पट्टी, हातात पाटी. बोलायची तसंच लिहिते. पहिला शब्द — "फोटो?"

चौदाही दाखवले. तंबोरा लावताना. पाणी पिताना. नमस्कार करताना. पुन्हा पहिल्यापासून पाहिले तिनं. मग लिहिलं, "याच्यात मी गाताना काऊन नाई?"

सगळं सांगितलं. तिनं खडू उचलला.

"तुले माहं तोंड कधी आवडलंच नाई."

पाटी पुसली नाही. तशीच माझ्यासमोर ठेवून आत गेली.

१७ फेब्रुवारी
सुधाच्या हवाली केलं: कॅमेरा, चार्जर, दोन कार्डं.

कॅमेरा हातात घेताच तिनं तो माझ्यावर रोखला, बटण दाबलं. मी रडत होते, तोंड वाकडं करून. "पूस तो फोटो," म्हटलं.

तिनं मानेनं नाही म्हटलं.