मुशी आणि दयाळ

कामोठे,
१० मार्च २०२५

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद दादाच्या हाती पाठवते आहे. बाळ मजेत आहे. रात्रभर आम्हाला जागवते आणि दिवसा साळसूदपणे झोपते. मला मात्र कालपासून घास गिळवत नाही.

आमच्या मीटरच्या खोक्यात दयाळानं घरटं केलंय. त्या निमित्तानं सेक्रेटरीबाईंनी सोसायटीची मुलं आमच्या घरी जमवली आणि त्यांच्यासमोर मला बोलायला लावलं. बायोलॉजीची टीचर ना मी! दयाळ आणि शार्कची तुलना केली. दयाळाची मादी अंडी घालते, मग नर-मादी दोघं पिल्लांना चोचीनं भरवतात. शार्कची एक जात मात्र पिल्लू पोटातच वाढवते, आपल्यासारखी नाळ असते तिला. जन्मल्यावर पिल्लू आपलं आपण पोहायला लागतं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तू दारात आलीस, माझ्या दुधासाठी त्याच शार्कचं कालवण डब्यात घेऊन. सेक्रेटरीबाईंनी नाकाला पदर लावला, आणि मी म्हणाले की मासळीवाली आहे, चुकून इकडे आली. तू मागच्या लिफ्टनं खाली गेलीस. मी जागची हललेसुद्धा नाही.

शार्क म्हणताना मान ताठ होती, आणि घरी आपण तिला मुशी म्हणतो एवढंही तोंडातून निघालं नाही. आई, मला माझीच शरम वाटते गं. तुझ्या जावयाला, निशांतलाही, अजून सांगितलेलं नाही. तेवीस तारखेला बारसं आहे. तू आली नाहीस तर पाळण्याला हात लावायची माझी हिंमत होणार नाही.

रागाव हवं तितकं, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझी,
वैशाली

उरण,
१५ मार्च २०२५

चि. वैशालीस अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. दोनदा वाचला. राग आला होता, अजून थोडा हाय. दयाळाला घर करू देतात नि मुशीला पुढची लिफ्ट देत नाहीत, कसली गं तुमची सोसायटी?

डबा मी वॉचमनकडे ठेवला. वर बाळंतीण हाय, तिला दे, असं बोलले. त्यानं विचारलं, ती तुमची कोन. तुझी अब्रू जाईल म्हणून मी बोलले, कोनी नाय. बसमध्ये बसल्यावर रडू आवरेना. पोटच्या लेकीला कोनी नाय बोलले, याची तुझ्यापेक्षा जास्त लाज मला वाटते.

कालवण खाल्लंस की नाही ते लिहिलं नाहीस.

बारशाला येईन, मुशी घेऊनच येईन. पण तू खाली गेटवर ये, नि मी तुझी कोन ते त्या वॉचमनला तुझ्या तोंडानं सांग.

नातीला पापा.

तुझी आई