हलका संच

४ फेब्रुवारी

झालं ते असं.
१. नोव्हेंबरात आई गेली.
२. दादा आला, राहिला, परत गेला. जाताना म्हणाला, "तुझी बदली झाली की घर बंद करू. बाबा माझ्याकडे येतील."
३. बदलीचं पत्र आलं. एक एप्रिलला रुजू व्हायचं.
४. आज सकाळी चहाच्या कपावरून नजर न उचलता बाबा म्हणाले, "शिवणाची खोली मोकळी करू. डार्टबोर्ड लावायचाय."

शिवणाची खोली म्हणजे आईची खोली. कप विसळला आणि प्रयोगशाळेत गेले. दिवसभर वजनकाटे तपासले. सगळे बरोबर निघाले.

५ फेब्रुवारी

दादाचा फोन. "अगं, डार्टबोर्ड? या वयात? डोकं ठिकाणावर आहे ना त्यांचं?"
म्हटलं, माहीत नाही.
"मग तू बघ. तुझं कामच ते. एकटे राहू शकतील का, मार्चअखेर नक्की सांग."
जणू बाबाही एक काटा — तपासायचा आणि शिक्का मारायचा!

९ फेब्रुवारी

मशीन बाहेरच्या खोलीत आणलं. कापडं बांधून ठेवली. आईची डावखुरी कात्री मी माझ्या कपाटात ठेवली. ती आई आणि दादा सोडून कुणाच्याच हातात धड चालायची नाही. लहानपणी एकदा चिडून मी ती फेकली होती.

बाबा भिंत पुसत होते. शीळ घालत! तीन महिने, बस्स. आणि तिच्या खोलीची खेळाची खोली.

१५ फेब्रुवारी

दुकानात दोघे गेलो. दुकानदार बोलका. "कागदाचा बोर्ड घेऊ नका ताई, दोन महिन्यांत चाळण होईल. हा घ्या, घायपाताच्या तंतूंचा. डार्ट काढला की भोक आपलं आपण मिटतं." बोर्डावरचे भाग पाडणाऱ्या तारा बारीक बघायच्या. जाड तारेवर डार्ट आपटतो आणि अंगावर येतो. तीन बोर्ड पाहिले, सगळ्यांत बारीक तारांचा निवडला.

मग त्याने रबराचं कडं काढलं. बोर्डाभोवती बसवायचं, म्हणजे चुकलेला डार्ट भिंतीत जात नाही.
"कडं नको," बाबा म्हणाले. "लाज काढायची का?"
"काका, एकदा भिंतीला विचारून बघा!"
बाबा हसले. मोठ्याने. मी दुसरीकडे बघितलं.

पितळी डार्ट जाड. टंगस्टनचे बारीक, एकमेकांना खेटून तीन बसतात. बाबांनी चोवीस ग्रॅमचा संच घेतला. मग आणखी एक, अठरा ग्रॅमचा.
"हा कुणाला?"
"असू दे. खेळायला दोघं लागतात."
आमच्याकडे येतं कोण?

१६ फेब्रुवारी

सहाही डार्ट प्रयोगशाळेतल्या काट्यावर ठेवले. जड संच एकसारखा. हलक्यातला एक अर्ध्या ग्रॅमने जास्त. बदलून आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, एवढं मी सोनं घेतानाही बघत नाही हो."

संध्याकाळी बोर्ड लावला. मध्य जमिनीपासून १७३ सेंटिमीटर. फेकायची रेघ बोर्डापासून २३७ वर. रेषा आडवी आहे का बघायला बाबांनी लेव्हल धरली. "काय मायक्रोमीटरबाई, पास का आम्ही?"
मी म्हटलं, भिंत सरळ नाही.
असं का बोलते मी?

२ मार्च

भिंतीला भोकं पडलीत. बोर्डाच्या डावीकडे आणि खाली, पुष्कळ. बोर्डावरची मिटतात, भिंतीवरची कशी मिटणार?

बाबा फिरायला गेल्यावर पट्टी घेऊन मोजली. भोकं एकमेकांपासून किती लांब पडलीत, तो पसारा फार मोठा आहे. ज्या माणसाने आयुष्यभर कारखान्यात लेथवर केसाएवढं माप सांभाळलं, त्याचा हात असा भरकटत नाही. काहीतरी झालंय.

आईच्या वेळीही आम्ही उशिराच बघितलं.

८ मार्च

विचारलं. "हात थरथरतो का?"
"छे."
"एकदा डॉक्टरांना दाखवू या."
"तपासणी चाललीय का माझी?"
आता दार लावून खेळतात. बाहेर ऐकू येतं — टक, टक, टक. मग थोडं थांबून टक, धप्, आणि फरशीवर खळ्ळ.

१२ मार्च

दादाला लिहायला घेतलं : घर बंद करावं लागेल. पाठवलं नाही.

१५ मार्च

प्रयोगशाळेत वीज गेली. दुपारीच घरी आले. खोलीचं दार नीट लागलेलं नव्हतं.

बाबांनी जड संच फेकला. तिन्ही डार्ट एका बोटाच्या अंतरात. हात पकडीत धरल्यासारखा स्थिर. मग त्यांनी हलका संच उचलला, पाय बदलला आणि डाव्या हाताने फेकले. एक बोर्डात, एक भिंतीत, एक खाली.
"अगं, चिडू नकोस," ते म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं. "जमेल मला."

मग मी त्यांना दिसले. ते ओशाळले नाहीत.
"लग्नाआधी तुझी आई कारखान्याच्या क्लबात रोज हरवायची मला. तुम्ही झालात, शिलाईची कामं आली, राहिलंच. कामं थांबली की या खोलीत बोर्ड लावू, हे तिचंच ठरलेलं. कड्याचा तिला भारी राग. म्हणायची, 'कडं लागतं तुला. माझा बाहेर जातोच कुठे?'" भिंतीवरून हात फिरवला. "माझ्या हातून जातो. काय करणार! तिची पाळी कुणीतरी खेळायला हवी ना?"

मी "चहा टाकते" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. गॅस लावायला विसरले.

भिंतीवरची भोकं त्यांच्या उजव्या हाताची धरून मी पसारा काढला होता. नमुना कुठल्या हाताचा, तेच पाहिलं नाही. पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा ही चूक करत नाहीत.

१६ मार्च

बाबांकडून तीन डार्ट मागून घेतले. हलका संच, डाव्या हाताने. एकही बोर्डाला लागला नाही. "तू माझ्यावर गेलीस," म्हणाले. हसून. मग खिडकीकडे वळले आणि बराच वेळ वळलेच नाहीत.

१७ मार्च

दादाला पाठवलं, ते इथे उतरवून ठेवते :

बाबांचा हात ठीक आहे. डोकंही. घर बंद करायचं नाही. बदली मी नाकारली, बाबांसोबत इथेच राहणार आहे. बाबा आईच्या वाटचे डार्ट डाव्या हाताने फेकतात, त्यांना ते जमत नाही. मलाही नाही. आपल्यात डावखुरा तू एकटा. महिन्यातून एकदा येऊन तिची पाळी खेळशील का? शुक्रवारपर्यंत कळव.